मेडल आलंय, आई-बापांना बोलावलंय

आमच्या गडचिरोलीकडं मेडल ही चांगली बातमी नसते. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. त्याला वाटतं मेडल म्हणजे पेढे, हारतुरे, गावात बॅनर. आमच्याकडं पेपरात फोटो येतो तो असा : स्टेजवर एक मोठा साहेब थोडा वाकून उभा, अन् समोर डोक्यावर पदर घेतलेली एक बाई, नाही तर धोतरातला एखादा म्हातारा, दोन्ही हात पुढं केलेले. ज्याचं मेडल, तो फोटोत नसतो. तो जंगलात कुठल्या तरी चकमकीत, नाही तर रस्त्यातल्या भूसुरुंगात गेलेला असतो. इतकी वर्षं हेच बघितल्यावर वर्दीतल्या पोराला मेडल मिळालं म्हणजे काय झालं, हे आम्हाला वेगळं समजवून सांगावं लागत नाही.

माझा मुलगा पोलिसात नाही. तो विमानं उडवतो, अन् तीही साधी नाही. नवं विमान तयार झालं, की ते सगळ्यांत आधी उडवून बघणारे काही वैमानिक असतात. चाचणी वैमानिक म्हणतात त्यांना. विमान किती वर जाऊन कुरकुरतं, कुठं झटका देतं, काय केलं तर ऐकत नाही, हे सगळं तो स्वतः वर जाऊन बघतो, मग ते विमान बाकीच्यांच्या हाती देतात. त्यानं पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे आधी तू मरून बघायचं, अन् मग बाकीच्यांनी आरामात बसायचं, असं का? तो हसला. म्हणाला, माय, बाबा नाई काय गिरणीत नवा पट्टा चढवला का आधी स्वतः चालवून पाहात? माझे मालक आमच्या मूल गावातल्या एका धानाच्या गिरणीत फिटर होते. मी म्हटलं, गिरणीचा पट्टा तुटला तर तांदूळ सांडतो रे बापा, माणूस नाही सांडत.

मी तापट आहे. मी मास्तरीण होते, शाळेत पोरं मला मागून काय म्हणायची ते मला माहीत होतं, अन् चूक नव्हती त्यांची. पण राग माझ्यात भीतीच्या जागी येतो, हे माझ्या पोराला बरोबर कळलेलं. म्हणून आमच्यात एक ठरलेलं होतं. विमान घेऊन वर जायच्या आधी त्यानं मला काही सांगायचं नाही. उतरल्यावर सांगायचं. दिवसा त्याचा फोन बंद असला तर मी समजून घ्यायचं अन् जीव खायचा नाही. यातली शेवटची गोष्ट मला कधीच जमली नाही, पण निदान मी ती कोणाला दाखवत नसे.

मोहफुलं वेचायचे दिवस होते. माझी मोठी बहीण कुरखेड्याच्या पुढं जंगलाला लागून एका गावात राहते. झाडाखाली वाकता वाकता पाय घसरला, हात मोडून घेतला. म्हणून मी तिच्याकडं जाऊन राहिले होते. तिच्या गावात मोबाईलला रेंज येते ती फक्त तलावाच्या पाळीवर, तीही पाळीच्या एका टोकाला, तोंड गावाकडं करून उभं राहिलं तर. मी रोज सकाळी आंघोळ झाली की पाळीवर जायची, घरी फोन करायची, पोराचा काही मेसेज आहे का बघायची, अन् परत यायची.

त्या दिवशी पाळीवर चढते न चढते तोच फोन वाजला. मूलची माझी शेजारीण होती. म्हणाली, बाई, घरी या. मी म्हटलं काय झालं? म्हणे, काई नाई, तुमी फक्त या. आमच्याकडं कोणाचं माणूस गेलं की फोनवर असंच सांगतात. 'तब्येत बरी नाही', 'काही नाही, या'. मेल्याचं फोनवर सांगायचं नसतं. ऐकणाऱ्याला प्रवास करायचा असतो, तो धड पोचला पाहिजे. मी स्वतः कित्येकांना असे फोन केलेत. त्यामुळं 'काई नाई' म्हणजे काय, ते मला माहीत होतं. पहिला विचार मालकांचा आला, त्यांचं बीपी वर-खाली असतं. मी विचारलं, ह्यांना काही झालं काय? ती म्हणाली, नाई नाई, ते बसले हायेत इथीच. अन् मग म्हणाली, "पोलिसाची जीप आली होती बाई. तुमच्या पोराले मेडल भेटलं म्हणे. कार्यक्रमाले तुमाले दोघाले बोलावलं."

एवढं बोलून ती रडायला लागली.

मी एक प्रश्न विचारायला पाहिजे होता. एकच. पोरगा आहे का? चार शब्दही लागत नव्हते. मी तो विचारला नाही. मी म्हटलं, येते, अन् फोन ठेवला. मग पोराचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. दिवसा तो बंदच असतो, हे मी स्वतःला पोर समजवावं तसं समजावत होते, अन् हात थांबत नव्हता. त्याच्या हापिसातल्या दुसऱ्या कोणाचा नंबर माझ्याजवळ नव्हता. लग्न केलं असतं तर सुनेला तरी लावला असता. तेही यानं केलेलं नाही. तिथं पाळीवर उभी राहून मला त्या लग्नावरूनही राग आला, खरंच सांगते.

बहिणीला काही बोलले नाही. ती माझ्या तोंडाकडं बघून समजली. मोडलेला हात गळ्यात, अन् दुसऱ्या हातानं ती माझ्या पिशवीत लुगडी कोंबू लागली. तिच्या शेजारच्या घरात असंच एक मेडल आहे. ती शेजारीण दारात येऊन उभी राहिली, तिला कोणी सांगितलं कोणास ठाऊक.  बसस्टॉपपर्यंत माझी पिशवी तिनं उचलली. तिनं पिशवी उचलली तेव्हा माझा धीर सुटला, कारण ती बाई एरवी कोणाच्या दारात जात नाही.

कुरखेड्याहून वडसा, तिथून ब्रम्हपुरी, मग नागभीड, अन् नागभीडला गाडी बदलून सिंदेवाहीवरून मूल. हा रस्ता मी किती वेळा केलाय. त्या दिवशी तो संपेना. जंगलाचा पट्टा आला की रेंज जायची, गाव आलं की यायची, अन् प्रत्येक गावात मी नंबर लावायची. बंद, बंद, बंद. माझ्या बाजूला एक बाई तांदळाच्या कण्यांची पिशवी घेऊन बसली होती. ती तिच्या सुनेच्या कागाळ्या सांगत होती, मी हूं हूं करत होते. एका जागी म्हणाली, तुमाले किती लेकरं? मी म्हटलं, एक. माझं तोंड उघडं राहिलं. 'एक आहे' म्हणायचं की 'एक होतं' हे मला ठरवता येईना. तिनं पुढं काही विचारलं नाही, बरं केलं.

नागभीडच्या बसस्टँडवर गाडीला वेळ होता. तिथं मी माझ्या मालकांना फोन लावला. तोही बंद. हे माणूस मोबाईल चार्जिंगला लावून विसरतं, आयुष्यभराची सवय. शेजारणीला लावता आला असता. मी लावला नाही. तेव्हा मला कळलं की मला बातमी नकोच आहे. जोवर कोणी तोंडानं सांगत नाही तोवर तो आहे, असा माझ्या डोक्यानं हिशेब मांडला होता. सिंदेवाही आली, गेली. बाजूची बाई उतरली. पाणी जवळ असून मी सकाळपासून घोटभर प्यायले नव्हते.

मूल आलं. बसमधून उतरले अन् घराकडं वळले, पण गल्लीच्या आधीच थांबले. गल्लीच्या तोंडापासूनच मला दिसलं असतं, दारात लोकं बसलेली आहेत की नाही. मग मला एकदम राग आला. कशाचा, ते नेमकं सांगता येत नाही. शेजारणीचा, ह्यांचा, माझा, त्या विमानाचा. तळपायाची आग मस्तकात गेली, अन् मी तशीच पिशवी घेऊन उलटी फिरले अन् पोलिस ठाण्यात गेले. जीप त्यांचीच आली होती ना? मग सांगतील.

ठाण्यात एक हवालदार बसला होता, त्याची मुलगी माझ्याकडं शिकली होती. तो मला बघून उठला. बाई बसा, म्हणाला. मी बसले नाही. मी म्हटलं, "माझा पोरगा जिवंत आहे काय?"

त्या माणसाला काही समजेचना. त्यानं मला दोनदा विचारलं, कोण पोरगा? मग म्हणाला, "अवो बाई, सकाळी त्याचाच तर फोन होता इथी. तुमचा फोन लागून नाई राह्यला, बाबाचा बंद हाय, म्हणून त्यानं ठाण्यात केला. कार्यक्रमाच्या पाससाठी तुमचे आधारचे नंबर आजच कळवायचे होते म्हणे."

मी तिथं बाकावर बसले. रडले की हसले, आता आठवत नाही. हवालदारानं पाणी दिलं, ते मी प्यायले. हळूहळू त्याच्याकडून कळलं ते असं : सकाळी शेजारच्या गावात वाघानं एका माणसाला ओढून नेलं होतं. लोक चिडलेले, बंदोबस्ताला जीप निघाली होती. वाटेत आमचं घर लागतं म्हणून त्यातला एक शिपाई उतरला, माझ्या मालकांना म्हणाला तुमच्या मुलाला मेडल मिळालंय, दोघांना कार्यक्रमाला जायचंय, आधारचे नंबर लिहून घेतले, अन् धावत जीपमध्ये बसला. जिथं निघाला होता तिथलं सगळं त्याच्या तोंडावर होतं. ते तोंड बघून अन् 'मेडल' ऐकून ह्यांना जे समजायचं ते समजलं. आमच्या गल्लीत दुसरं काही समजलंच नसतं.

घरी आले तर दारात सतरंज्या टाकलेल्या. गिरणीतले जुने लोक खाली माना घालून बसलेले, बाया आत.  माझे मालक भिंतीला टेकून बसले होते, चष्मा हातात. शेजारणीनं मला बघून तोंडाला पदर लावला. मी उंबऱ्यातच म्हटलं, आहे तो. जिवंत आहे. ठाण्यात विचारून आले.

एक माणूस हलला नाही. त्यांना वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. मग मी हवालदाराचं सगळं सांगितलं, जोरात, वर्गात सांगावं तसं. माझे मालक उठले, मागच्या मोरीवर गेले. मी मागं गेले तर ते तोंडावर पाणी मारत होते, मारतच होते, शर्ट सगळा भिजला. मी त्यांच्यावर तुटून पडले. म्हटलं, एवढे लोक जमा केले, त्या शिपाई पोट्ट्याला एक शब्द विचारता आला नाही? जीप निघून जाईपर्यंत बघत बसले? ते म्हणाले, "गेला काय म्हणून विचारलं असतं, अन् त्यानं हो म्हटलं असतं तर?"

 मी तरी नागभीडला दुसरं काय केलं होतं?

ज्या घरी मयत होते त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारीण पिठलं-भात करून घेऊन आली होती. आता तिला तो डबा तसाच परत न्यायचा होता. जित्या माणसाच्या नावानं असलं जेवण घरात ठेवू नये म्हणे. ती बिचारी लाजेनं अर्धी झाली होती. डब्याला पदरानं झाकून निघायला लागली तर मी तो ओढून घेतला. सकाळपासून आमच्या दोघांच्या पोटात काही नव्हतं. म्हटलं बस, तूही बस. ती बसली नाही. आम्ही दोघं जेवलो. पिठलं चांगलं झालं होतं, मीठ थोडं जास्त. दारातले लोक एकेक करून उठले, पण 'येतो' म्हणावं की नाही हे कोणालाच कळेना, कारण दुखवट्याच्या घरून निघताना येतो म्हणत नाहीत. काही जण म्हणाले, काही जण नुसते निघून गेले.

संध्याकाळी पोराचा फोन आला. खुशीत होता. मी आधी त्याला मनसोक्त बोलून घेतलं. तो ऐकत राहिला, मग हसायला लागला, अन् मग त्याच्या लक्षात आलं की मी रडतेय. मी म्हटलं, मेडल कशाचं ते सांग. तो म्हणाला, असंच, चांगलं काम करणाऱ्या चाचणी वैमानिकांना देतात, देशात थोड्याच जणांना मिळतं, वगैरे. मी म्हटलं, आज मी ठाण्यात उभी राहून तू जिवंत आहे का म्हणून विचारून आले. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. कशाचं मेडल?

मग त्यानं सांगितलं. संक्रांतीच्या आसपास एका नव्या विमानाचं इंजिन वर असतानाच बंद पडलं होतं. उडी मारून बाहेर पडायची सोय होती. पण खाली गावं होती, विमान कुठं जाऊन पडेल सांगता येत नव्हतं. त्यानं ते तसंच, बिनइंजिनाचं, परत आणून धावपट्टीवर उतरवलं. त्यामुळं इंजिनात काय बिघडलं तेही सापडलं, नाही तर सगळं राख झालं असतं. हे सगळं तो इतक्या शांतपणे सांगत होता, जसं काही गाडीचं पंक्चर काढलं.

मला तो दिवस आठवला. म्हणजे दिवस नाही, फोन आठवला. त्या संध्याकाळी त्यानं फोन केला होता, उतरलो म्हणाला, अन् मग उगाच वांग्याची भाजी कशी करतेस म्हणून विचारत बसला. अन् मी? मी त्याला लग्नावरून झापलं. चांगलं झापलं. विमानाचं इंजिन बंद पडून खाली आलेल्या पोराला मी सांगत होते, की तुझ्या वयाच्या पोरांची लेकरं शाळेत जाऊन राह्यली. तो हो माय, हो माय म्हणत होता. त्याला फक्त आवाज ऐकायचा होता.

म्हणजे आमची अख्खी गल्ली चुकली नव्हती. मेडल मरणाला शिवूनच आलं होतं, आम्हाला उशिरा कळलं, एवढंच.

मी म्हटलं, सोड ती नोकरी. मी कधी तुला हात जोडून काही मागितलं नाही, आता मागते. तो मग म्हणाला, "माय, मी नाई उडवलं तर दुसरा कोणी उडवील. त्याची बी माय हायेच ना."

मी म्हटलं, असू दे. मला दुसऱ्याच्या मायशी काय करायचं? हे मी म्हटलं, अन् मला त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नाही.

कार्यक्रम लांब, एका मोठ्या शहरात होता. थंडगार हॉल, मऊ खुर्च्या, घरच्यांना पहिल्या रांगेत बसवलेलं. माझ्या एका बाजूला माझे मालक, नवा शर्ट घालून अवघडलेले. दुसऱ्या बाजूला माझ्याच वयाची एक बाई, उत्तरेकडची असावी, अंगावर फिक्या रंगाची ओढणी. मला थंडी वाजतेय हे तिनं ओळखलं अन् तिची शाल अर्धी माझ्या मांडीवर टाकली. माझ्या मोडक्या हिंदीत आम्ही बोललो. कहाँ से आए, खाना खाया क्या, घुटने दुखते हैं क्या. माझ्या मनात आलं, हिचंही पोरगं वर उडतं, हिचाही जीव टांगणीला असतो, आज भेटली बरी. आतापर्यंत हे बोलायला मला कोणीच नव्हतं.

मग नावं पुकारायला लागले, ज्याचं नाव तो पडद्याच्या बाजूनं स्टेजवर यायचा. एक नाव झालं. पडद्याच्या बाजूनं कोणी आलं नाही. माझ्या बाजूची बाई उठली, ओढणी डोक्यावर घेतली, अन् पायऱ्या चढून गेली. साहेब थोडा वाकून उभा राहिला. तिनं दोन्ही हात पुढं केले.

त्याच्यानंतर माझ्या पोराचं नाव आलं. तो आला, सलाम ठोकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातांना टाळी वाजवता येईना. बाजूची बाई परत येऊन बसली होती, मेडलची डबी मांडीवर, माझ्या अंगावरची शाल नीट करत.

कार्यक्रम संपला तसा पोरगा उड्या मारत खाली आला, लहानपणी बक्षीस घेऊन यायचा तसा. मेडल माझ्यासमोर धरलं. घे माय, म्हणाला. फोटोवाला कॅमेरा घेऊन तयार, म्हणे माताजी, हाथ में लीजिए. मी दोन्ही हात पदरात ओढून घेतले. म्हटलं, तूच धर, तुझ्या हातात राहू दे. पोराचं तोंड उतरलं. त्याला वाटलं, मी अजून त्या नोकरीवरून रागावलेय. मला त्याला सांगता येईना, तेही त्या बाईसमोर, की आमच्याकडं मायच्या हातात मेडल कधी येतं.

त्या बाईला मराठी येत नव्हती. पण तिनं माझा हात मनगटाला धरून पदरातून बाहेर काढला अन् मेडलवर ठेवला. म्हणाली, "ले लो बहन. बेटा ख़ुद दे रहा है."

मी घेतलं. फोटोवाला तिला म्हणाला, आंटीजी, आप थोडा साइड में हो जाइए. मी त्याच्यावर खेकसले, कोणी कुठी जाणार नाई, असाच काढ. तिचा हात मी सोडला नव्हता.